टाकी फुल्ल! ट्रकच्या डिझेलच्या १० भन्नाट गोष्टी

ट्रकच्या रोजच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा. तरीही त्याच्याबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक असतं? फार तर आजचा भाव! हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र रंगीबेरंगी बाटल्यांची रांग लागलेली असते. एक ॲव्हरेज वाढवणारी, एक काळा धूर घालवणारी, एक इंजेक्टर साफ करणारी. त्यातली कुठली घ्यायची, की एकही नाही? खिशात हात घालण्याआधी या दहा गोष्टी वाचून घ्या.

१. शेंगदाण्याच्या तेलावर पळालेलं इंजिन

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं गेलं. ते इतकं सुरळीत चाललं, की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा बदल कळला. ही आठवण पुढे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच सांगितली. ‘डिझेल इंजिन काहीही पचवतं’ ही ख्याती तेव्हापासूनची. आजच्या बीएस-६ (म्हणजे ‘भारत स्टेज ६’ या धूर-नियमांच्या) ट्रकला मात्र ती लागू पडत नाही. का, ते पुढे येतंच.

२. किलोवरून ग्रॅमवर आलेलं गंधक

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे २०० लिटरच्या टाकीत दीड किलोहून जास्त! बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि ती थेट १० पीपीएमवर उतरली. मधली बीएस-५ ही पायरी आपण गाळूनच टाकली. आता त्याच २०० लिटरमध्ये पावणेदोन ग्रॅमसुद्धा गंधक नसतं. हवेसाठी आणि सायलेन्सरजवळ बसवलेल्या महागड्या यंत्रणेसाठी, दोन्हींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

३. गंधक गेलं आणि वंगणही गेलं

रिफायनरीत हायड्रोजनच्या साहाय्याने गंधक काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगणाचे घटकही निघून जातात. पण हाय प्रेशर पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच! म्हणून कमी गंधकाच्या डिझेलमध्ये वंगण वाढवणारं ॲडिटिव्ह पुरवठादारच मोजून घालतात. त्याची परीक्षाही कडक असते. डिझेलमध्ये बुडवलेल्या पत्र्यावर पोलादी गोळी सेकंदाला ५० वेळा, अशी ७५ मिनिटं घासतात आणि गोळीवर पडलेला ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ४६० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत असला तर डिझेल पास. थोडक्यात, पंपावरचं डिझेल ‘साधं’ नसतंच. ॲडिटिव्ह त्यात आधीपासूनच असतं.

४. डांबरगोळीला शून्य मार्क

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ते किती झटकन पेटतं, याचं माप म्हणजे सीटेन क्रमांक. भारतात आणि युरोपात तो किमान ५१ लागतो, अमेरिकेत ४० चालतो. सीटेन कमी असलं की डिझेल उशिरा पेटतं आणि इंजिन टकटक आवाज करतं. ही मोजपट्टी तयार झाली तेव्हा शंभर मार्क सीटेन नावाच्या शुद्ध द्रवाला मिळाले आणि शून्य मार्क अल्फा-मिथाइल नॅप्थलिनला. हे द्रव्य डांबरगोळीतल्या नॅप्थलिनचं सख्खं भावंड! टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की गाडीचा पिकअप वाढतो, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला हा शून्य जरूर दाखवा.

५. दोन हजार बारचा फवारा

आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दोन हजार बारच्या आसपास जाऊ शकतो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा साधारण अडीचशे पट. एवढ्या जोराने डिझेल ज्या भोकांतून फवारलं जातं, त्यांची रुंदी असते एक ते दोन दशांश मिलिमीटर. तिथे काजळी किंवा चिकट थर जमला, की फवारा बिघडतो, धूर वाढतो, ॲव्हरेज पडतं. डिटर्जंट प्रकारचं ॲडिटिव्ह हा थर जमू देत नाही, जमलेला हळूहळू सोडवतं. बाटल्यांच्या गर्दीतला हा खरोखर उपयोगी प्रकार. पण झिजलेला इंजेक्टर कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. तिथे मिस्त्रीच हवा.

६. डिझेल खाणारी बुरशी

होय, अशी बुरशी असते! डिझेल हलकं, पाणी जड. त्यामुळे टाकीत शिरलेलं पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, त्या रेषेवर ही बुरशी वाढते. ती पाण्यात राहते, डिझेल खाते आणि फिल्टरमध्ये काळपट, बुळबुळीत गाळ भरते. पाणी नसेल तर तिला जगताच येत नाही. म्हणून पावसाळ्यात मुक्कामाला गाडी लावताना टाकी भरलेली असावी. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होते आणि तिचं पाणी टाकीतच उतरतं. सकाळी वॉटर सेपरेटरचा नळ सोडून पाणी काढायला दोन मिनिटं लागतात. एवढ्या स्वस्तात इंजेक्टर वाचवणारा दुसरा उपाय नाही.

७. लडाखमध्ये डिझेल गोठतं

डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण असतं. कडाक्याच्या थंडीत त्याचे स्फटिक होतात, आधी फिल्टर तुंबतो, मग गाडी जागेवरच उभी राहते. लडाखमध्ये यावर डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे किंवा टाकीखाली चक्क आग पेटवायचे. दोन्ही उपाय धोक्याचे. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल तिथे आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेल्या या डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलही होतं. मनालीच्या पुढे जाणाऱ्या गाडीला गोठणरोधक ॲडिटिव्हची गरज पटते. मुंबई-कोल्हापूर लाइनवरच्या गाडीने त्याची बाटली घेण्याचं काहीच कारण नाही.

८. युरियासाठी उडालेलं लष्करी विमान

बीएस-६ ट्रकला निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. ड्रायव्हर मंडळी तिला सरळ ‘युरियाची टाकी’ म्हणतात. तिच्यातला द्रव म्हणजे डीईएफ: ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. प्रमाण अगदी इतकंच असण्यामागे कारण आहे. याच प्रमाणात तो सर्वांत उशिरा, उणे ११ अंशांना गोठतो. सायलेन्सरच्या वाटेवर त्यापासून अमोनिया तयार होतो आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. २०२१ मध्ये चीनने युरियाची निर्यात आवळली, तेव्हा दक्षिण कोरियात ट्रक ठप्प होण्याची वेळ आली. सरकारने लष्करी विमान ऑस्ट्रेलियाला पाठवून हा द्रव मागवला!

दोन गोष्टी मात्र गाठीला बांधून ठेवा. हा द्रव डिझेलच्या टाकीत कधीही ओतायचा नाही. चुकून ओतला गेलाच, तर स्टार्टर न मारता आधी मिस्त्री बोलवायचा. दुसरं, शेतीच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून ही टाकी भरायची नाही. २०१५ पासून आपल्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. पिकाला तो उत्तम, पण ट्रकचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिस्टला मारक.

९. ‘थोडं ऑइल टाक रे टाकीत’

जुन्या पंपांच्या जमान्यात वंगण म्हणून डिझेलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतायची अनेकांची सवय होती. बीएस-६ गाडीत ही सवय फार महाग पडते. इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त असे धातू असतात. ते जळून वायू होत नाहीत, त्यांची राख होते. काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर काजळीला सहाशे अंशांच्या आसपास जाळून स्वतःला साफ करतो, पण राख त्याला जाळता येत नाही. ती साचत जाते आणि शेवटी फिल्टर उतरवावा लागतो. धातू असलेल्या बाजारू ॲडिटिव्हचाही तोच धोका. वंगणाचं काम रिफायनरीने आधीच करून ठेवलं आहे, हे लक्षात असू द्या.

१०. पंपावर तुमचा हक्क

रेशनचं रॉकेल निळं रंगवतात ते भेसळ ओळखू यावी म्हणून. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याच्या धंद्याने महाराष्ट्रात माणसाचा बळी घेतला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. भेसळीविरुद्ध उभं राहण्याची ती किंमत होती. आपल्याला तर फक्त प्रश्न विचारायचा आहे, आणि तो विचारायलाच हवा. पंपावर डिझेलची घनता तपासून दाखवा, असं म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. १५ अंश तापमानाला धरून काढलेली घनता टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरला तीन किलोहून जास्त हललेली नसावी. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शासकीय शिक्क्याचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर असावंच लागतं.

मग बाटली घ्यायची की नाही?

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बुरशीनाशक, बर्फाळ घाटात जाणार असेल तर गोठणरोधक, आणि इंजेक्टरवर थर बसल्याचं तपासणीत दिसलं तर गाडीच्या कंपनीने मान्य केलेलं डिटर्जंट. खऱ्या गरजा या तीनच. ॲव्हरेजच्या दाव्याची खात्री करायची तर एकाच मार्गावर, सारख्याच वजनाने, टाकी काठोकाठ भरून चार-पाच फेऱ्या मोजा. मग बाटली टाकून तेवढ्याच फेऱ्या पुन्हा मोजा. फरक दिसला तरच दुसरी बाटली.

बाकी सगळ्यांसाठी हिशेब सरळ आहे. भरवशाचा पंप, घट्ट बसणारं टाकीचं झाकण, रोज काढलेलं पाणी, वेळेवर बदललेला अस्सल डिझेल फिल्टर आणि टायरमध्ये बरोबर हवा. ट्रकमालकांनो, बाटलीवरचे पैसे आधी या पाच गोष्टींवर घाला. आणि पाणी काढण्याचं काम रोज न चुकता करणाऱ्या ड्रायव्हरला महिन्याकाठी बक्षीस द्या. तुमच्या इंजिनाचं आयुष्य त्याच्याच हातात आहे.