मंद हालचाल आणि मेंदूतील रक्तप्रवाह

अंगुत्तर निकायातील रोगसुत्तात तथागतांनी कायिक व चैतसिक असे दोन रोग सांगितले आहेत. छिन्नमनस्कतेत हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात. करी रोडच्या एखाद्या चाळीत असा रुग्ण संथ हालू लागला की घरचे त्यास आळशी ठरवितात, क्वचित अंगारेही आणतात. आणि हे धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही!

हात हलविताना मेंदूच्या चालक भागांकडे रक्ताचा ओघ वाढतो. स्वीडनमधील इंग्वार व फ्रान्झेन यांनी १९७४ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूच्या अग्रभागात रक्तप्रवाह तुलनेने कमी असल्याचे नोंदविले. पुढे बोटे आपटण्याच्या चाचण्यांतही चालक भागांचा प्रतिसाद अनेकदा, सर्वत्र नव्हे, क्षीण आढळला. काही औषधांनीही हालचाल मंदावते. तेव्हा औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांस सांगावे. परळचे के. ई. एम. रुग्णालय येथून पायी गाठता येते; तेथे मानसोपचार विभाग आहे.