‘निगेटिव्ह’ रुग्ण सिकल सेलच्या फोल्डरमध्ये

विदर्भात सिकल सेलचे रुग्ण बरेच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याहून ते नागपुरात मेडिकल, मेयो, डागा रुग्णालयांत येतात. समजा, अशा हजारो तपासण्यांचे अहवाल साध्या टेक्स्ट फायलींत साठले आहेत आणि त्यांतून सिकल सेलचे तेवढे वेगळे काढायचे आहेत. लिनक्सवर चार ओळींची शेल स्क्रिप्ट हे काम करते. ‘ग्रेप’ ही कमांड प्रत्येक फाइलमध्ये दिलेला शब्द शोधते. सापडला, की फाइल त्या फोल्डरमध्ये.

ग्रेप केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७३ च्या सुमारास लिहिली. तिला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही. ‘सिकल सेल आढळला नाही’ या वाक्यातही तो शब्द आहेच! डॉक्टर जे नाही तेही लिहितात, आणि लिहायलाच हवे. पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेगएक्स’ पद्धत मांडली, ती आजाराच्या नावाजवळ नकार आहे का ते तपासते. इंग्रजीत ‘नो’ बहुधा आधी येतो, मराठीत ‘नाही’ शेवटी. त्यामुळे इंग्रजीचे नियम जसेच्या तसे उचलून चालत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. सोल्युबिलिटी टेस्ट दोघांचीही पॉझिटिव्ह येते. फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीत कळतो. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर फायली वाटल्या, तर धडधाकट वाहक आणि वेदनेने तळमळणारे मूल एकाच फोल्डरमध्ये. पाठपुराव्याचा फोन कुणाला आधी जायचा? बरे, ‘एएस’ शोधावे तर इंग्रजी अहवालात कॅपिटल-स्मॉलचा भेद सोडताच ‘वॉज’, ‘हॅज’ असलेले सगळे गळाला लागतात. पूर्ण शब्दच जुळावा अशी सूचना दिली तरी ‘ॲज’ उरतोच. इथे कॅपिटल अक्षरांचाच आग्रह धरावा.

फाइल हलवू नये, प्रत काढावी. त्याच रुग्णाला क्षयरोगही असू शकतो; हलवलेली फाइल दुसऱ्या शोधात सापडत नाही. दोन वॉर्डांतून एकाच नावाच्या फायली आल्या, तर दुसरी पहिलीवर बसते आणि संगणक सहसा विचारतही नाही. म्हणून नावात नोंदणी क्रमांक हवा. शेवटी निवडलेल्यांपैकी पन्नासेक अहवाल डोळ्यांनी वाचावेत. बाजूला राहिलेल्या ढिगातलेही तितकेच.