सेवेचे पाचारण – लेखांक 6 : उतारशाळेचा रक्षक

गेल्या आठवड्यात शमुवेलाची हाक पाहिली. तशी रात्रीची, नाव घेऊन आलेली हाक फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांना पाचारण होते ते रस्त्यात. समोर माणूस पडलेला असतो आणि त्याला ओलांडून पुढे जाववत नाही.

आपल्या पनवेलजवळचा ‘सील’ आश्रम असाच उभा राहिला. मुंबईच्या फुटपाथांवर आणि स्टेशनांवर बेवारस पडलेल्यांना उचलून आणण्याचे हे काम पास्टर के. एम. फिलिप यांनी 1999मध्ये सुरू केले. ऐकायला सोपे वाटते, पण असा माणूस आणायचा म्हणजे पोलिसांना कळवायचे, जटा झालेले केस कापायचे, अंघोळ घालायची, किडे पडलेली जखम रोज धुवायची. कित्येकांना आपले नावही सांगता येत नाही. अशा वेळी तुटक बोलण्यातून एखाद्या गावाचे नाव हाती लागले, तर त्यावरून घरच्यांचा शोध घ्यायचा. अशा शोधातून अनेकजण घरी परतले आहेत. (सेवेचा मक्ता काही आपल्याकडेच नाही. याच तालुक्यात नेऱ्याला गांधीविचारांच्या कार्यकर्त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन उभारले. त्यांच्याकडूनही शिकावे.)

पंडिता रमाबाईंना तर हाक स्वतःच्या जखमेतूनच आली. 1874च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपाशी मरत असल्याचे कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मग शेती आली, विणकाम आले, छापखाना आला. रमाबाईंचे नाव आपण घेतो, पण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींची नावे कोणाला ठाऊक आहेत? त्यांनाही पाचारण होतेच, असे मी ठामपणे म्हणेन.

लूकच्या दहाव्या अध्यायात आपण शोमरोनी माणसापाशी थांबतो. जरा पुढे वाचा. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, एक रात्र सांभाळले आणि दुसऱ्या दिवशी रक्षकाच्या हाती दोन दीनार देऊन तो पुढे गेला. पुढचे सारे दिवस मलमपट्टी आणि जेवणखाण त्या रक्षकाने पाहिले असणार. त्याने आपले काम सोडले नाही. उलट, सेवाच त्याच्या कामाच्या दारात येऊन उभी राहिली. नोकरी सोडून मिशनमध्ये गेले तरच देवाची सेवा, या समजुतीने आपल्या मंडळ्यांतले कितीतरी हात रिकामे राहिले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. परिचारिका, हिशेबनीस, रिक्षाचालक, स्वयंपाक करणाऱ्या बाया या साऱ्यांची अशा आश्रमांना रोज गरज असते.

या आठवड्यात पनवेल स्टेशनात कोणी असहाय पडलेले दिसले तर रेल्वेच्या 139वर कळवा, रस्त्यावर दिसले तर 112वर, आणि मदत येईपर्यंत त्याच्यापाशी थांबा. रविवारी उपासनेनंतर आपल्या पाळकांना विचारा, मंडळीचे कोणते काम माणसाअभावी अडले आहे?

पुढील लेखांक : पंगतीच्या सेवेसाठी निवडलेले सात (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6).