फौज गेली, बँड राहिला

17 सप्टेंबर 1773. तंजावरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पडले होते. शत्रू घुसणार हे आतल्यांना ठाऊक होते, पण कधी, एवढेच कळत नव्हते. असे हल्ले पहाटे किंवा रात्री होतात, हा तेव्हाचा रिवाज. कावेरीकाठची दुपार डोक्यावर आली तशी शिबंदी सावलीला विसावली. जनरल जोसेफ स्मिथने नेमकी तीच वेळ साधली आणि भर उन्हात ईस्ट इंडिया कंपनीची फौज खिंडारातून आत शिरली. किल्ला जवळजवळ प्रतिकारावाचून पडला. तंजावरचे मराठी राजे तुळजाजी कुटुंबासह कैद झाले आणि राज्य अर्काटच्या नवाबाच्या हाती गेले.

मराठी किल्ल्यात संकट डोळ्यांच्या आधी कानांना कळायचे. नगारा, कर्णा, शिंग ही वाद्ये दरबारची शोभा तर होतीच, पण पहारा बदलणे, दरवाजा उघडणे, फौजेला गोळा करणे हे सारे त्यांच्यावरच चाले. नौबत वाजायच्या आत शत्रू दारात येतो, तोच खरा अचानक हल्ला. त्या दुपारी तंजावरात तेच घडले.

वाद्ये सज्ज असतानाच अचानक हल्ला होणे हे तंजावरपुरते नाही. 7 डिसेंबर 1941 रोजी सकाळी पर्ल हार्बरला अमेरिकन युद्धनौकांवर झेंडा चढवण्यासाठी बँड उभे होते. ‘नेवाडा’वरचे राष्ट्रगीत सुरू असतानाच जपानी विमाने आली. वादकांनी गीत पुरे केले आणि मगच ते आपापल्या जागी धावले. ‘ॲरिझोना’च्या बँडमधले सगळे 21 जण त्या सकाळी गेले. वादकाच्या हातात वाद्य असते, पण पहिला गोळा त्याला चुकवून जात नाही.

तंजावरच्या गोष्टीला मात्र पुढे वेगळे वळण लागले.

1776 साली मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगॉटने तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले. राज्य परत मिळाले, पण त्यासोबत किल्ल्यात कंपनीची पलटणही आली. ज्या तटावर नौबत झडायची, त्याच्या आत आता पलटणीचे ड्रम आणि बारीक बासऱ्या घुमू लागल्या. लष्करी बँड तंजावरच्या कानांवर पडू लागला तो जेत्यांचा आवाज म्हणून.

तो आवाज आपलासा केला दुसऱ्या सरफोजी राजांनी. ते 1777 साली जन्मले आणि तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते वाढले आणि 1798 साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. लढायला फौज नाही आणि लढण्याचा अधिकारही नाही. दुसरा कोणी असता तर शिकारीत आणि नाचरंगात आयुष्य काढले असते. सरफोजींनी हस्तलिखिते जमवली, छापखाना घातला, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. आणि राजवाड्यात बँड उभा केला.

फौज नसलेल्या राजाचा हा फौजी बँड. त्याला कूच करायला रणांगण नव्हते, म्हणून तो दरबारात वाजला. क्लॅरिनेट, बासरी, हॉर्न, ड्रम, बॅगपाइप अशी विलायती वाद्ये इथल्या वादकांच्या हाती आली. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात पाश्चात्य संगीताच्या छापील आणि हस्तलिखित स्वरलेखनाच्या वह्या आहेत. इथल्या रचना त्या पद्धतीने उतरवून घेण्याचे प्रयोगही राजांनी केले. कानाने शिकायच्या विद्येला कागदावर बसवण्याचा हा खटाटोप, आणि तोही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

या काळातला विरोधाभास पाहायचा असेल तर पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी जावे. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून सरफोजींनी तिथे आठ मजली मनोरा बांधला. ज्या इंग्रजांनी आपली फौज काढून घेतली, त्यांच्याच विजयाचे हे स्मारक! त्यावरच्या लेखांत मराठीही आहे.

राजवाड्याबाहेर हे सूर वेगळ्याच वाटेने पसरले. कंपनीच्या बँडच्या चाली ऐकून कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांनी त्यांवर संस्कृत रचना बांधल्या. इंग्रजी ‘नोट’वरून त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. ‘संततं पाहि माम्’ या रचनेची चाल थेट ‘गॉड सेव्ह द किंग’ची आहे. दुसऱ्या देशाच्या राजाचे गीत देवीच्या स्तुतीला लावताना दीक्षितरांना काही अडले नाही. त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी मद्रासजवळच्या मनली इथे व्हायोलिन शिकले, आणि आज व्हायोलिनच्या साथीशिवाय कर्नाटक संगीताची बैठक सहसा होत नाही.

तंजावरच्या दरबारात तेव्हा चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम त्यांनी बसवला. धाकटा वडिवेलू व्हायोलिनमध्ये तरबेज. पुढे तो त्रावणकोरला गेला आणि 1834 साली स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले. फौजी बँडमधले क्लॅरिनेटही असेच नर्तकीच्या मागे येऊन उभे राहिले. विसाव्या शतकातल्या नामवंत नर्तकी बालसरस्वती यांच्या साथीलाही क्लॅरिनेट असे.

हे सारे सहज घडले नाही. क्लॅरिनेट घडले ते ठरावीक स्वरांसाठी. कर्नाटक रागातला स्वर मात्र एका जागी थांबत नाही, तो झुलतो, घसरतो, गमकात थरथरतो. कळा दाबून वाजणाऱ्या वाद्यातून हे काढायचे तर ओठांचा दाब आणि श्वास यांवरच सगळी भिस्त. तंजावरकडच्या वादकांनी सनईच्या जातीच्या नागस्वराचा आदर्श समोर ठेवून ते साधले. विलायती वाद्य घेतले, पण वाजवले आपल्याच बोलीत.

1855 साली सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे वारले. त्यांना पुत्र नव्हता, आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि 1859 साली तिथे निकाल राणींच्या विरोधात लागला. दरबार मोडल्यावर कलावंत म्हैसूर, त्रावणकोर, मद्रास असे पांगले. किल्ला दुसऱ्यांदा पडला, पण या वेळी तटाला खिंडार पाडावे लागले नाही.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी 1675च्या सुमारास कावेरीकाठी रोवलेली मराठी सत्ता अशी संपली. सरफोजींनी जमवलेले ग्रंथ मात्र टिकले. सरस्वती महाल 1918 साली सर्वांसाठी खुला झाला. तिथे मराठी हस्तलिखितांची संख्या हजारांत आहे. महाराष्ट्रातून तंजावरच्या बृहदीश्वराच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ. त्यांनी देवळात कोरलेला भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख पाहावा आणि तिथूनच राजवाड्याकडे वळावे.

आणि क्लॅरिनेट? तंजावरहून तासाभराच्या अंतरावरच्या तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन ते आयुष्यभर वाजवत राहिले. 2008 साली मद्रास म्युझिक अकादमीने त्यांना ‘संगीत कलानिधी’ हा किताब दिला आणि 2022 साली पद्मश्री मिळाली.