बिल्ला गेला, कायदा राहिला

पुण्यात सायकलींचे राज्य होते त्या काळी सायकलस्वाराला कायद्याची ओळख करून घेण्यासाठी वकिलाकडे जावे लागत नसे. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा घासलेटचा दिवा आणि ‘डबलसीट’ची मनाई या रूपांनी तो कायदा चौकाचौकांत उभाच असे. विनादिव्याने निघालेल्या इसमाने “आत्ताच वाऱ्याने विझला, साहेब” असे म्हणावे आणि हवालदाराने दिव्याला हात लावून तो गरम आहे की गार याची शहानिशा करावी, हा प्रसंग जुन्या माणसांच्या बोलण्यात हटकून येतो. पुराव्याच्या कायद्याचा इतका आटोपशीर पाठ विधिमहाविद्यालयातही क्वचितच मिळत असेल. पुढे बिल्ले गेले, डायनामो आले नि तेही गेले, आणि सायकलीला परवाना, नोंदणी, विमा यांपैकी काहीच लागत नाही त्या अर्थी तिला कायदाच लागू नाही, अशी सोयीस्कर समजूत लोकांत रूढ झाली.

ही समजूत अगदीच निराधार नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी असल्यामुळे शिरस्त्राणाची सक्ती, मद्यपानाविषयीचे कलम १८५, फार काय, वाहतुकीची चिन्हे पाळण्यास सांगणारे कलम ११९ हेदेखील मोटारचालकालाच उद्देशून आहे. परंतु एवढ्यावर निर्धास्त होऊन तांबडा दिवा ओलांडणाऱ्याची गाठ दुसऱ्याच कायद्याशी पडते. पूर्वीचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा. त्यातील ‘वाहन’ या संज्ञेचा विस्तार हातगाडीपासून थेट विमानापर्यंत असून सायकलीचा तीत नामनिर्देशपूर्वक अंतर्भाव आहे. सबळ कारणाखेरीज रस्त्याची डावी बाजू न सोडणे, त्याच दिशेने जाणाऱ्या वाहनाच्या पुढे जाताना त्याच्या उजवीकडून जाणे, हे बंधन कलम ९९ घालते. पोलिसाने कर्तव्य बजावताना दिलेली वाजवी सूचना पाळण्याचे बंधन कलम ६८ घालते. आणि रहदारीचे स्थानिक नियम करण्याचा अधिकार कलम ३३ देते. एकदिशा मार्गावरून उलट येणारा सायकलस्वार स्वतःला पादचाऱ्याचा धाकटा भाऊ समजत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो वाहनचालकच होय.

फौजदारी जबाबदारीही त्याला चुकलेली नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर ‘कोणतेही वाहन’ बेदरकारपणे हाकून जीवित धोक्यात आणणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही फर्मावते. त्या वाहनास यंत्र असलेच पाहिजे असे ते म्हणत नाही.

तथापि कायद्याचा खरा चटका पोलिसाच्या शिट्टीपेक्षा अपघातानंतर नुकसानभरपाईच्या दाव्यात बसतो. मोटारीने धडक दिलेल्या सायकलस्वाराला दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि मोटारीला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असल्यामुळे रक्कम बहुधा विमा कंपनीकडून येते. परंतु अंधाऱ्या रात्री दिवा वा परावर्तक नसलेली सायकल चुकीच्या बाजूने येत होती असे पुराव्यात दिसले, तर विमा कंपनीचा वकील तेथेच बोट ठेवतो, आणि जखमीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा वाटा ठरवून तेवढी भरपाई कापली जाऊ शकते. ज्या दिव्यासाठी एकेकाळी किरकोळ दंड होई, तो आज असा महाग पडतो.

उलट बाजूने पाहिले तर ज्याला वाहन म्हटले त्याला रस्त्यावर जागाही दिली पाहिजे, आणि येथे कारभार लंगडा आहे. पुण्यातील कित्येक सायकलमार्गांवर उभ्या मोटारी नि हातगाड्या पाहिल्या म्हणजे त्या पट्ट्या सायकलींसाठी आखल्या होत्या हे कोणी सांगितल्यावाचून कळू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व वांद्रे-वरळी सागरी सेतू येथे तर सायकलीला प्रवेशच नाही. तेथील वेग पाहता ही मनाई मला अन्यायाची वाटत नाही. विनायंत्र वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याची मुभा मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, त्याच्या कलम १३८ मध्ये भर घालून, राज्य सरकारांना दिली आहे.

विजेच्या सायकलींनी मात्र नवा गुंता निर्माण केला आहे. विद्युतशक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, अशी विहित कसोटीला उतरलेली गाडी केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. पण विकत घेतल्यावर कोपऱ्यावरच्या कारागिराकडून तिची वेगमर्यादा काढून घेतली, की सायकलीसारखी दिसणारी तीच गाडी परवाना, नोंदणी, विमा आणि शिरस्त्राण या चारही गोष्टी मागू लागते.