शाह : राजाचा आणि फकिराचा

तुमच्या वर्गाचा हजेरीपट एकदा पाहा. त्यात एखादा शाह आडनावाचा मुलगा सापडेल, एखादा शाहनवाज किंवा शाहरुख असेल. उर्दूत तुम्ही हा शब्द नेहमी ऐकता. तो मराठीतही किती खोल रुजला आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

शाह हा फारसी शब्द. अर्थ राजा. इराणचा सम्राट दारा याने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला. त्यात तो स्वतःला ‘राजांचा राजा’ म्हणवतो. आपला शहेनशहा तो हाच. संस्कृतातील ‘क्षत्रिय’ शब्दाशी शाहचे मूळ जुळते, म्हणजे हे दोघे लांबचे चुलतभाऊच! इराणचा शेवटचा शाह १९७९ साली देश सोडून गेला.

आता गंमत पाहा. ज्यांच्याजवळ फौज नाही, खजिना नाही, अशा सूफी संतांनाही लोक शाह म्हणू लागले. पंजाबचे बुल्ले शाह, सिंधचे शाह अब्दुल लतीफ. सय्यद घराण्यांत शाह लावण्याची रीत आहेच. पण लोकांच्या मनातला भाव वेगळा. जो कोणापुढे हात पसरत नाही, तो राजा! मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. देहूच्या तुकोबांजवळ कुठे राज्य होते? तरी ते तुकाराम महाराजच.

अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजी भोसले यांनी तेथे नवस केला आणि मुलगे झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगतात. ही कथा धरली, तर शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या नावातला शाह बादशहाचा नसून फकिराचा आहे.

सारखे दिसणारे सगळे शब्द मात्र एका घरचे नसतात. ‘शाहीर’ आला अरबी ‘शाइर’वरून. गुजराती व्यापाऱ्यांचे ‘शहा’ हे आडनाव ‘साधू’ शब्दाकडून आले आहे. बुद्धिबळातला ‘शह’ मात्र आपलाच. समोरच्या राजाला सावध करण्याची ती हाक. आदिलशाही, निजामशाही गेल्या, पण त्यांचा ‘शाही’ मराठीने ठेवून घेतला. त्यातून हुकूमशाही, नोकरशाही असे शब्द घडले. तुम्ही जिला जम्हूरियत म्हणता, ती मराठीत लोकशाही.

लिहिताना एवढे लक्षात ठेवा: उर्दूत ‘शाह’ असले, तरी मराठीत शहाजी, बादशहा, शहाजिरे असेच लिहितात. ‘शाही’ आणि ‘शाहू’ यांत मात्र ‘शा’ कायम राहतो.