नोंद टिकावी कशी?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतील आमच्या बजाजनगरांत रात्रपाळी करून येणारीं माणसें पुष्कळ. त्यांची झोप दिवसाची. आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे, त्यांना वैशाखांतहि ती भर दुपारींच घ्यावी लागते. पत्र्याखालीं उष्मा किती होतो, हें मोजण्याची इच्छा अशा घरांतील एखाद्या विद्यार्थ्यास झाली, तर साधन दुर्मिळ नाहीं. तळहाताहून लहान अशी आर्डुइनो उनो नांवाची पाटी, तिजवर बसविलेला मायक्रोकंट्रोलर, आणि उष्णता सांगणारा डीएस१८बी२० हा सेन्सर, एवढ्यावर काम भागतें. परंतु श्रोतेहो, मोजणें आणि नोंद राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत. आज मला बोलावयाचें आहे तें दुसऱ्याविषयीं.

या पाटीची चालू कामाची स्मृति अवघी २०४८ बाइटांची, आणि वीज जातांच ती कोऱ्या फळ्यासारखी होते. आतां वीज जाते केव्हां? उन्हाच्या तडाख्यांत पंखे व कूलर यांचा भार वाढतो तेव्हां, किंवा वळवाचा वारा सुटतो तेव्हां. म्हणजे जे आंकडे नाहींसे होतात, ते पुष्कळदां नेमके कडक दुपारचे असतात. उरलेल्यांची सरासरी काढली तर घर होतें त्याहून थंड ठरतें! पत्र्याखालीं छत घालून द्या, असें घरमालकास सांगावयास गेलेल्या माणसाची बाजू त्याचीच वही लंगडी करते.

जपून ठेवलेल्या नोंदीची किंमत काय असते, याचें उदाहरण मुंबईंतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. २ सप्टेंबर १८५९ रोजीं सूर्यावरील क्षोभामुळें मोठें चुंबकीय वादळ झालें. त्या दिवशीं कुलाब्याच्या निरीक्षकांनीं नियमानें वेळ व आंकडा लिहून ठेविला. त्याच नोंदींवरून, १४४ वर्षांनीं, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्या वादळाची तीव्रता ठरविण्यांत आली. लिहिणाऱ्यांस पुढचा उपयोग ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्यांनीं नोंद पुरी केली, इतकेंच.

आतां आपल्या पाटीकडे वळूं. पहिला उपाय अर्थात् बॅटरी जोडण्याचा. वीज गेल्यावरहि मोजणें चालूं राहील. परंतु बॅटरीहि केव्हां तरी उतरते, तार सुटते. म्हणून लिहिण्याची रीतच भक्कम हवी. पाटीवर ईईप्रॉम नांवाची दुसरी स्मृति आहे. ती १०२४ बाइटांची असून वीज गेली तरी पुसली जात नाहीं. मात्र तिचें प्रत्येक घर सुमारें एक लक्ष वेळां लिहिण्यापुरतें हमखास टिकतें. दर मिनिटास त्याच एका घरांत लिहीत गेल्यास ही मर्यादा एकोणसत्तर दिवसांत संपते.

येथें आपल्या पेढ्यांवरील रोजकीर्दीची रीत उपयोगीं पडते. कीर्दींत खोडून लिहीत नाहींत, खालीं नवी ओळ घालतात. प्रत्येक नोंदीस आठ बाइट द्यावे: चार वेळेस, दोन उष्णतेस, दोन ताळ्यास. अशा १२८ ओळी मावतात. शेवटची ओळ भरली कीं पुन्हां पहिलीपासून लिहावें. आतां दर मिनिटास लिहिलें तरी एका घरावर १२८ मिनिटांनीं पाळी येते, आणि तीच मर्यादा चोवीस वर्षांवर जाते. ताजी ओळ कोणती, हें वेगळें लिहून ठेवण्याचें कारण नाहीं. जिची वेळ सर्वांत अलीकडची, ती ताजी. वेळ सांगण्यासाठीं स्वतःच्या लहान बॅटरीवर चालणारें डीएस३२३१ सारखें घड्याळ जोडावें लागतें, कारण पाटीला तारीख ठाऊक नसते.

ताळा कशासाठीं? शाळेंत गुणाकारास नवाचा ताळा पाहत, त्यासाठींच. लिहितां लिहितां वीज गेली तर ओळ अर्धी राहते, आणि अर्धी ओळ दिसावयास पुऱ्या ओळीसारखीच असते. म्हणून वेळ व उष्णता यांवरून काढलेला ताळा सर्वांत शेवटीं लिहावा, आणि वाचतांना जुळला नाहीं तर ती ओळ बाद करावी. नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाहीं. यंत्रांत वापरतात तो सीआरसी नांवाचा ताळा त्याहून पुष्कळ काटेकोर आहे.

दर पंधरा मिनिटांस एक नोंद धरली तर १२८ ओळींत बत्तीस तास मावतात. दीर्घ काळासाठीं एसडी कार्ड हवें. त्यावर लिखाण ५१२ बाइटांच्या तुकड्यांनीं होतें. तुकडा भरेपर्यंत आंकडे चालू स्मृतींतच थांबलेले असतात. यास्तव प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ ही आज्ञा द्यावी. रोज नवी फाइल उघडावी, म्हणजे एक बिघडली तरी बहुधा एकाच दिवसाचें नुकसान होतें. आणि शेवटच्या बत्तीस तासांची दुसरी प्रत ईईप्रॉममध्यें असतेच.

एक सावधगिरी अधिक. हा सेन्सर वीज येतांच, मोजण्यापूर्वीं, ८५ अंश हा ठराविक आंकडा दाखवितो. आणि तार तुटल्यास त्याची प्रचलित प्रोग्रॅम-लायब्ररी उणे १२७ देते. हीं मोजमापें नव्हेत. तेथें ‘नोंद नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. मागचा आंकडा पुढें ओढूं नये. रिकामी जागा वाचणाऱ्यास सावध करते, भरलेली खोटी जागा त्यास फसविते.

आणि शेवटीं परीक्षा. वीज आपोआप जाण्याची वाट पाहूं नये. यंत्र लिहीत असतांना वीस वेळां आपल्या हातानें प्लग काढावा, पुन्हां लावावा, आणि ओळी मोजाव्या. प्रत्येक खेपेस फार तर लिहिली जात असलेली एकच ओळ बाद निघाली, आणि मागच्या सर्वांचे ताळे जुळले, तर ती वही कोणापुढेंहि ठेवण्यास हरकत नाहीं.